बंद म्हणजे बंद!

माझं भांडण एका वाक्याशी आहे. माणसांशी भांडण्याची माझी प्रकृती नाही. बावीस वर्षं बँकेच्या काउंटरमागे काढलेल्या माणसाची ती राहतही नाही. पण 'बंद म्हणजे बंद' हे वाक्य कानावर आलं, की माझ्यातला शांत कारकून किरकोळ रजेवर जातो आणि त्याच्या जागी कुणीतरी दुसराच बदली कामगार येऊन बसतो.

हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं ते गेल्या मे महिन्यात, आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये, दुपारी अडीच वाजता. 'मे' आणि 'दुपारी अडीच' एवढं म्हटलं की सोलापूरकराला पुढचं सांगावं लागत नाही. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो, ४२-४३ अंश ही आमच्याकडे बातमी नसते, सवय असते. त्या वेळी विजापूर रोडवर माणूस दिसला, तर तो एक तर नवखा पाहुणा असतो किंवा कर्जाच्या हप्त्याची शेवटची तारीख असते.

आम्ही सहकुटुंब तुळजापूरहून देवीचं दर्शन घेऊन परतत होतो. गाडी नवी, आणि विजेची. बँकेच्या नोकरदाराला कर्ज सवलतीच्या दरात मिळतं, त्या मोहानं घेतलेली. विकताना त्या पोरानं तीन गोष्टी सांगितल्या होत्या: पेट्रोल नाही, धूर नाही, आवाज नाही. त्यातली तिसरी मला सगळ्यांत जास्त भावली होती. आमच्या घरात तशी सोय दुसऱ्या कशातच नाही.

तर गाडी जागेवर लावली, मंडळी उतरली, मी किल्लीचं बटण दाबलं. गाडीनं 'टुक्' केलं, डोळे मिचकावले, कानांसारखे दोन्ही आरसे मिटून घेतले. शहाण्या मुलासारखी झोपली असं समजून मी पाठ फिरवली, आणि बॉनेटखालून 'घूंऽऽऽ' असा आवाज सुरू झाला.

मी कुलूप उघडलं, पुन्हा लावलं. 'टुक्' आणि 'घूंऽऽऽ'. पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं. तेच. सौ. म्हणाली, "तुम्ही काहीतरी दाबलं असणार." आमच्या घरात कुठलंही यंत्र बिघडलं की आरोपी आधी ठरतो, गुन्हा मागाहून. चिरंजीव म्हणाले, "बाबा, अपडेट होत असेल." एवढ्यात वॉचमनमामा धावत आले. "सायब, गाडी फुसफुसलाली की ओ! साप-बीप शिरलाय काय बघा आत!"

या गलक्यानं पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीत बनियन प्रकट झालं. बनियनमध्ये सोसायटीचे चेअरमन होते. त्यांनी वरूनच विचारलं, "गाडी बंद केलीत ना?"

"केली की."

"मग बंद म्हणजे बंद! चालू कशी राहते?"

माझ्याजवळ उत्तर नव्हतं. कॉमर्सच्या पदवीत डेबिट कुठं आणि क्रेडिट कुठं एवढं शिकवतात. पंखा कुठं हे शिकवत नाहीत. दहा-बारा मिनिटांनी आवाज आपोआप थांबला. गाडी गप्प झाली, पण चेअरमन झाले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी गाडी विकणाऱ्यांना फोन केला. पलीकडून गोड आवाज आला, "नॉर्मल आहे सर."

"नॉर्मल आहे ते कळलं. पण का आहे?"

"सर, सगळ्याच गाड्यांना होतं."

"सर्दीसुद्धा सगळ्यांना होते हो. तिलाही कारण असतं."

"सर, आमच्या सेवेला पाचपैकी पाच द्याल ना?"

मग गाडीबरोबर आलेली जाडजूड पुस्तिका काढली. खुर्ची पुढं कशी घ्यावी, मागं कशी घ्यावी यावर तिच्यात पानंच्या पानं आहेत. पंख्यावर एकच ओळ सापडली: गाडी बंद असतानाही पंखा अचानक सुरू होऊ शकतो, तरी बॉनेटखाली हात घालू नये. म्हणजे हात कुठं घालायचा नाही ते सांगितलं. डोकं कुठं घालायचं ते नाही.

शेवटी ज्ञान मिळालं ते आमच्या शाखेतल्या एका जुन्या खातेदाराकडून. हे गृहस्थ रेडिएटर दुरुस्त करतात. पैसे भरायला आले होते, तेव्हा नोटा मोजता मोजता मी आपलं दुःख सांगितलं. ते हसले. म्हणाले, "त्यात काय ओ सायब. पेट्रोल गाडीचा फॅन बी चालतोय की बंद केल्यावर. वैनी गॅस बंद करतात, मग तवा काय लगेच गार हुतोय?"

वाचकहो, एवढ्या एका वाक्यात जे होतं, ते त्या जाडजूड पुस्तिकेत नव्हतं. आमच्या सोलापूरची कडक भाकरी ज्यानं खाल्ली आहे, त्याला तव्याचा हा स्वभाव ठाऊक असतो. गॅस बंद केल्यावरही तवा आपलं काम बराच वेळ चालू ठेवतो. पेट्रोलच्या इंजिनाचं तेच. इंजिन थांबतं तेव्हा त्यातलं पाणी फिरवणारा पंपही थांबतो, पण लोखंडात मुरलेली उष्णता कुठं जाणार? ती पाण्यात उतरते, आणि गाडी उभी केल्यावर काही वेळ आतलं पाणी उलट जास्तच तापतं. म्हणून कित्येक पेट्रोल गाड्यांचा पंखा किल्ली काढल्यावरही थोडा वेळ फिरतो. आपल्या लक्षात येत नाही, कारण इतका वेळ इंजिनाची घरघर ऐकून आपले कान बधिर झालेले असतात. विजेची गाडी मुळात मुकी, म्हणून तिचा पंखा ऐकू येतो. शांत माणूस एकदा खोकला, तर सगळं घर विचारतं, काय झालं? आणि दिवसभर बडबडणारा खोकला, तर कुणी वळूनही बघत नाही.

आता विजेच्या गाडीला तापायला काय आहे, तर मोटर आहे, बॅटरीतली वीज मोटरला झेपेल अशी करून देणारी पेटी आहे, आणि सर्वांत महत्त्वाची, पायांखाली पसरलेली बॅटरी आहे. ही लिथियमची बॅटरी माणसासारखीच आहे. साधारण १५ ते ३५ अंशांत ती खूश असते. त्याच्या फार वर गेली तर लगेच मरत नाही, पण लवकर म्हातारी होते. मेमधल्या दुपारी तुळजापूरचा घाट चढून-उतरून आलेली बॅटरी, वर तापलेला पत्रा, खाली तापलेला डांबरी रस्ता. अशा वेळी गाडीतला छोटा संगणक काय करतो? मालक उतरला, कुलूप लागलं, तरी तो ताप मोजत बसतो. जास्त वाटला तर बॅटरीभोवतीच्या नळ्यांतून गार ठेवणारं द्रव फिरवतो, समोरच्या रेडिएटरचा पंखा लावतो, आणि फारच असह्य झालं तर काही गाड्यांत एसीचा कॉम्प्रेसरसुद्धा बॅटरीसाठी सुरू करतो. आकडा खाली आला की सगळं बंद करून स्वतः झोपतो.

चार्जिंगच्या वेळीही असंच. भिंतीतून येणारी वीज एका प्रकारची, बॅटरीत भरायची दुसऱ्या प्रकारची. हा बदल करताना दहा युनिटांतलं जवळजवळ एक युनिट उष्णता होऊन निघून जातं. तिलाही कुणीतरी बाहेर काढायला हवं. म्हणून गाडी कुलूपबंद, आत कुणी नाही, वायर लावलेली, आणि पंखा अधूनमधून चालू.

हे सगळं समजलं तेव्हा मला त्या गाडीविषयी एकदम बंधुभाव वाटला. कारण हे माझंच वर्णन होतं.

आमच्या शाखेचं शटर चार वाजता अर्ध्यावर येतं. जगाच्या हिशेबी बँक बंद होते. 'मजा आहे बुवा बँकवाल्यांची, चारला घरी!' हे मी बावीस वर्षं प्रत्येक लग्नात ऐकतो आहे. प्रत्यक्षात चारनंतर आमचा पंखा सुरू होतो. रोकड मोजायची, फाटक्या नोटा वेगळ्या करायच्या, व्हाउचरं तपासायची, मेळ घालायचा. मेळ बसला नाही आणि फरक नवानं भागला गेला, तर कुणीतरी ५४ चे ४५ केलेत असं समजून दिवसभराचे आकडे उकरत बसायचं. संगणक आले, त्यानं चुका कमी झाल्या नाहीत, वेगात होऊ लागल्या. दिवसभराचा ताप असा शटर पडल्यावर बाहेर काढला नाही, तर दुसऱ्या दिवशी दहा वाजता बँक उघडणारच नाही. पण हे शटरच्या बाहेरून दिसत नाही. बाहेरून एवढंच दिसतं, की बंद आहे आणि आत पंखे फिरताहेत.

पण चेअरमनसाहेबांना तव्याचं उदाहरण पटलं नाही आणि बँकेचं तर मुळीच नाही. जूनमध्ये त्यांनी वॉचमनमामांना हुकूम दिला, "त्या गाडीचा आवाज बंद करा." मामा आज्ञाधारक. त्यांनी रात्री स्वतःची अंगावरची चादर आणली. अस्सल सोलापुरी, जाड, दोन्हीकडून वापरता येणारी. ती त्यांनी चार्जिंगला लावलेल्या गाडीच्या तोंडावर नीट खोचून बसवली, थंडीत म्हशीला बारदान पांघरतात तशी. समोरून हवा येणं बंद झालं. गाडीतल्या संगणकानं ताप मोजला, तो उतरेना, म्हणून त्यानं पंखा आणखी जोरात लावला. रात्री साडेबाराला मामा दारात. "सायब, पांघरूण घातलं तर आणिक बोंबललाली की ओ!"

मी धावत जाऊन चादर काढली. आमच्या गावच्या चादरीचा मला अभिमान आहे, पण ताप आलेल्या माणसाचं नाक तिनं दाबू नये.

सप्टेंबरच्या शेवटी वार्षिक सर्वसाधारण सभा झाली. विषयपत्रिकेवर पाण्याची टाकी, गळकी गच्ची आणि तिसरा विषय मी. ठराव असा होता: कुलूप लावलेल्या वाहनातून कोणताही आवाज येता कामा नये, आणि पार्किंगमधला चार्जिंगचा पॉइंट सुरक्षेच्या कारणास्तव काढून टाकावा. यातला पहिला भाग विनोदी आहे, दुसरा नाही. तो पॉइंट माझ्याच मीटरवर, माझ्याच खर्चानं बसवलेला. स्वतःच्या घरच्या वीजजोडणीवरून गाडी चार्ज करायला केंद्रीय ऊर्जा मंत्रालयानं २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट मुभा दिली होती. तो पॉइंट गेला तर सात वर्षांच्या हप्त्यांवर घेतलेली गाडी म्हणजे पार्किंगमधला शोकेसचा तुकडा.

ठरावाच्या बाजूनं तीन मुद्दे आले. तिन्हींना मी तिथं उत्तर दिलं, पण गळक्या गच्चीच्या गोंधळात ते कुणी ऐकलं नाही, म्हणून इथं देतो.

पहिला मुद्दा, वीज वाया जाते. हा माझा प्रांत आहे. पंखा ३०० वॉटचा धरा, दहा मिनिटं चालला धरा. ५० वॉट-तास झाले, म्हणजे एका युनिटचा विसावा भाग. युनिट दहा रुपयांचं धरलं तर पन्नास पैसे. कॉम्प्रेसरही वीस मिनिटं चालला तरी पाच-सात रुपये. आणि हे पैसे वाचवून जी बॅटरी लवकर म्हातारी करायची, तिची किंमत लाखांत आहे. पन्नास पैशांसाठी लाखाचं नुकसान करणं याला काटकसर म्हणत नाहीत. आमच्याकडे अशा खात्याला बुडीत म्हणतात.

दुसरा मुद्दा, गाडी पेटेल. या भीतीला मी हसणार नाही. २०२२ च्या मार्च-एप्रिलमध्ये पुण्यासह देशात काही ठिकाणी विजेच्या स्कूटरी पेटल्या, माणसं दगावली, आणि त्यानंतर सरकारनं बॅटऱ्यांच्या सुरक्षेचे नियम कडक केले. भीती खरी आहे. पण तिचा रोख कुणावर? ताप उतरवणाऱ्या पंख्यावर! घरात रुग्णाच्या कपाळावर पाण्याची घडी ठेवणाऱ्या बाईला कुणी 'तुझ्यामुळंच ताप आला' म्हणून बाहेर काढत नाही. काळजी कशाची करायची तर जळका वास आला, धूर दिसला, समोर लाल खूण पेटली, किंवा गाडी दोन दिवस सावलीत उभी असून गार पहाटे पंखा विनाकारण तासन्‌तास चालला तर. तेव्हा गाडीपासून दूर व्हावं आणि लगेच फोन करावा.

तिसरा मुद्दा, बिनआवाजाच्या गाड्याही असतात, तशी का घेतली नाही? असतात ना. निसान कंपनीची लीफ नावाची विजेची गाडी २०१० च्या डिसेंबरात आली. तेव्हा तिच्या बॅटरीला द्रवाची नळी नव्हती, जे काय गार व्हायचं ते वाऱ्यावर. अमेरिकेत ॲरिझोनाचं फिनिक्स म्हणून शहर आहे, उन्हाच्या बाबतीत सोलापूरलाही आपला धाकटा भाऊ म्हणेल असं. तिथल्या मालकांच्या २०१२ च्या उन्हाळ्यात लक्षात आलं, की बॅटरी भरते कमी आणि संपते लवकर. प्रकरण कोर्टापर्यंत गेलं आणि बॅटरीची क्षमता टिकण्याची हमी कंपनीला द्यावी लागली. थोडक्यात, उन्हात न कुरकुरता उभी राहणारी बॅटरी आतून झिजत होती.

आणि इतकं लांब तरी कशाला जा? आमच्या जिल्ह्यात फताटेवाडीला एनटीपीसीचं औष्णिक वीज केंद्र आहे, ६६० मेगावॉटचे दोन संच. अशा केंद्रातली वाफेची टर्बाइन थांबवली, की तिचा तापलेला दांडा तसाच सोडून देत नाहीत. एका लहान मोटरनं त्याला कित्येक तास हळूहळू फिरवत ठेवतात, नाहीतर तो एका बाजूनं गार होऊन वाकतो. म्हणजे ज्या प्रकारच्या यंत्रातून चेअरमनसाहेबांच्या गॅलरीतला दिवा लागतो, तिथंही बंद म्हणजे बंद नसतं.

पण माझा खरा राग चेअरमनवर नाहीच. ज्याला कुणी सांगितलं नाही तो घाबरणारच. माझा राग 'नॉर्मल आहे सर' वर आहे. काही लाख रुपये मोजून घेताना 'आवाज नाही' म्हणायचं, आणि आवाज आला की 'नॉर्मल' म्हणायचं! खातेदारानं विचारलं, "माझ्या खात्यातून अडीचशे रुपये का गेले?" आणि मी म्हणालो, "नॉर्मल आहे, सगळ्यांचे जातात," तर तो मला काउंटरवरून ओढून बाहेर काढील, आणि काढावंच. या मंडळींना खर्च किती येतो? दारावर मराठीत एक चिकटपट्टी: 'कुलूप लावल्यावर पंखा काही मिनिटं चालेल. बॅटरी गार होत आहे. समोर काही झाकू नका.' तीन वाक्यं. तेवढ्यानं माझी सभा वाचली असती आणि मामांची झोपही.

आणि खरं बोलायचं तर थोडा राग स्वतःवरही आहे. सभेहून तावातावानं घरी आलो. रात्रीचे साडेदहा वाजलेले. जेवणं झाली होती, गॅस बंद, दिवे बंद, एका स्वयंपाकघरात उजेड. ओटा धुणं चाललं होतं, दुधाला विरजण लावायचं होतं, सकाळच्या डब्याची मटकी भिजत घालायची होती. मी नेहमीच्या सवयीनं ओरडलो, "झालं ना सगळं? मग एवढा वेळ आत करतेस काय?"

आतून शांतपणे उत्तर आलं, "नॉर्मल आहे."

मी निमूट जाऊन ओट्यावरची भांडी पुसायला घेतली.

ठराव गोंधळात पुढच्या सभेपर्यंत तहकूब झाला. पॉइंट अजून आहे, टांगती तलवारही आहे. मध्ये नोव्हेंबर येऊन गेला. नोव्हेंबर हा आमच्याकडे पेन्शनरांचा महिना. आपण जिवंत आहोत, असा दाखला त्यांना बँकेला द्यावा लागतो. एके दिवशी चार वाजून दहा मिनिटांनी अर्ध्या शटरखालून आधी एक काठी आत आली, मग एक टोपी, मग चेअरमन.

शिपाई म्हणाला, "काका, बँक बंद झाली."

चेअरमननी वर पाहिलं. "बंद कशी? पंखे तर चालू आहेत!"

सगळा स्टाफ माझ्याकडे बघू लागला. हे पंखापुराण त्यांनी माझ्याकडून पन्नासदा ऐकलं होतं. उत्तर माझ्या ओठांवर आलं होतं. पण समोर ७४ वर्षांचा माणूस घाम पुसत उभा होता. मी त्यांना पंख्याखालच्या खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं, दाखला भरून घेतला. ते पाच-दहा मिनिटं तसेच बसून राहिले. आमची चाललेली मोजामोज, फेकली जाणारी व्हाउचरं, एकमेकांवरची ओरड बघत होते.

उठताना म्हणाले, "चारनंतर एवढं काम असतं होय तुम्हाला?"

"नॉर्मल आहे," मी म्हणालो. आणि मग चूक लक्षात येऊन त्यांना बसवून घेतलं, आणि का ते पहिल्यापासून सांगितलं.